गाडी घेऊन तिहुआना-एन्सेनादाला जाताय? मेक्सिकन इन्शुरन्स आधी समजून घ्या

सॅन डिएगो किंवा एलएच्या बाजूला नवीन आलेल्या मराठी मंडळींचं हे ठरलेलं असतं. पहिले काही महिने बीच, झू, कॉस्टकोच्या फेऱ्या होतात आणि मग एखाद्या शुक्रवारी कोणाच्या तरी घरी पावभाजी खाताना विषय निघतो की अरे मेक्सिको सॅन डिएगोहून अर्ध्या तासावर आहे, लॉन्ग वीकेंडला जाऊन येऊ ना आपलीच गाडी काढून. मग व्हिसाची चर्चा होते, सेफ आहे की नाही यावर तासभर वाद होतो, व्हेज काय मिळेल ते निघतं, आणि कोणी इन्शुरन्सचं विचारलंच तर एकजण हमखास म्हणतो, "आहे की आपला, फुल कव्हरेज घेतलंय."

तर तो चालत नाही. अमेरिकेतली पॉलिसी कितीही भारी असली तरी बॉर्डरच्या पलीकडे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी तिला मेक्सिकोचा कायदा विचारत नाही. मी वर्षातून दोन-तीनदा तरी बाहाला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या खाली लागून असलेल्या मेक्सिकोच्या भागात (तिहुआना-एन्सेनादा त्यातच), जातो, एकदा तिहुआनाच्या भर चौकात ठोकाठोकीही झालीय, त्याचं पुढे सविस्तर सांगतो, पण त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं पॉलिसी घेत होतो, पैसे भरत होतो, आणि आत काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नव्हतं. तुम्ही तसं करू नका म्हणून हे एवढं टाइप करतोय.

आधी हे कळलं पाहिजे: हा इन्शुरन्स कशासाठी

आपल्याकडे भारतात काय किंवा अमेरिकेत काय, इन्शुरन्स म्हटलं की डोळ्यासमोर गाडीचा चेपलेला बंपर येतो. मेक्सिकोत बंपर हा शेवटचा प्रश्न. तिथं अपघात झाला आणि त्यात कोणी जखमी झालं किंवा मोठं नुकसान झालं, तर चूक कोणाची हे ठरेपर्यंत ड्रायव्हरला अडवून ठेवता येतं आणि गाडीही ठेवून घेता येते. भरपाई द्यायची तुमची ऐपत आहे हे तिथल्या तिथं दाखवावं लागतं आणि ते दाखवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मेक्सिकोत परवाना असलेल्या विमा कंपनीची पॉलिसी. म्हणजे हे गाडीसाठी कमी आणि आपण संध्याकाळी घरी पोचावं यासाठी जास्त आहे. हे एकदा लक्षात आलं की पॉलिसी निवडताना कुठं बघायचं ते आपोआप कळतं.

शिवाय कायदाही आहेच. तिथल्या फेडरल हायवेवर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, २०१४ पासून टप्प्याटप्प्याने लागू करत २०१९ पर्यंत सगळ्याच गाड्यांना केला. म्हणजे नियम आपल्या भारतातल्यासारखाच, आणि पाळायची पद्धतही आपल्यासारखीच, रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांना विमाच नसतो. त्यामुळे समोरच्याची चूक असली तरी तो पैसे देईल हे गृहीत धरायचं नाही.

काही अमेरिकन पॉलिसींमध्ये बॉर्डरपासून २५ किंवा ५० मैलांपर्यंत कव्हर आहे असं बारीक अक्षरात असतं, त्यावर लोक फसतात. ते असलंच तर सहसा तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरतं असतं. समोरच्या माणसाला देण्यासाठी तिकडचे पोलिस तो कागद मानत नाहीत. कॅनडाचं उलट आहे हां, तिकडे अमेरिकन पॉलिसी चालते, कंपनीकडून एक कार्ड मागून घ्यायचं बास. व्हँकुव्हरला गाडीने जाऊन आलेले लोक म्हणूनच मेक्सिकोबद्दल छातीठोकपणे चुकीचं सांगतात. भारतातून गाडीने नेपाळ-भूतानला जाणाऱ्यांना पॉलिसीत जादा पैसे भरून तो देश जोडून घेता येतो, तशी सोयही इथं सहसा नसते. इथं दुसऱ्या देशाची दुसरी पॉलिसीच घ्यायची.

पायरी १: गाडी नक्की कोणाची आहे ते बघा

गाडी तुमच्या नावावर, लोन फिटलेलं, तर प्रश्नच नाही. लोन चालू असेल किंवा लीजवर असेल तर बँकेला किंवा लीज कंपनीला विचारा की मेक्सिकोत न्यायला हरकत आहे का. काहींच्या करारात सरळ मनाई असते, काही पत्र देतात. ते पत्र गाडीत ठेवा. मित्राची गाडी नेत असाल तर त्याच्याकडूनही लेखी परवानगी घ्या, साधा कागद चालेल पण नोटरी केलेला असला तर उत्तम.

भाड्याची गाडी असेल तर काउंटरवर स्पष्ट सांगा की मेक्सिकोत जातोय. बऱ्याच कंपन्या नाहीच म्हणतात. ज्या हो म्हणतात त्या कुठपर्यंत जायचं ते ठरवून देतात आणि त्यांचाच मेक्सिकन इन्शुरन्स घ्यायला लावतात, तो महाग पडतो पण तिथं घासाघीस नाही. न सांगता नेली आणि काही झालं तर पूर्ण गाडीचे पैसे तुमच्या अंगावर येतात. क्रेडिट कार्डावर रेंटल कव्हर आहे या भरवशावरही राहू नका, ते असलं तरी भाड्याच्या गाडीपुरतं, समोरच्याला लागलं त्याचं नाही.

पायरी २: कागदपत्रं

हा लेख व्हिसाबद्दल नाही तरी दोन ओळी. भारतीय पासपोर्ट आणि चालू असलेला अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्टातला स्टॅम्प संपलाय आणि नुसती अप्रूव्हल नोटीस आहे, असे खूप एचवनबीवाले असतात, त्यांनी आधी कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय निघू नये. सांगलीहून आईबाबा आलेत, त्यांनाही दाखवू म्हणून नेणार असाल तर त्यांचा व्हिसिटर मेडिकल इन्शुरन्स मेक्सिकोत चालतो का ते बघून घ्या, बऱ्याच वेळा चालत नाही किंवा अटी असतात.

गाडीचं रजिस्ट्रेशन चालू तारखेचं हवं, लायसन्स अमेरिकन राज्याचं चालतं. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात फिरायला गाडीचा तात्पुरता इम्पोर्ट परमिट लागत नाही. सोनोरा राज्याचा काही भाग आणि बॉर्डरलगतचा पट्टा सोडून आतल्या मुख्य मेक्सिकोत जायचं असेल तर मात्र लागतो, बान्हेर्सितो नावाच्या बँकेकडून काढायचा आणि २००७ किंवा नंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर डिपॉझिट, गाडी वेळेत परत बाहेर काढली की परत मिळतं. नवख्यांनी पहिल्या ट्रिपला तिकडे जाऊच नये असं माझं मत, एन्सेनादापर्यंत जा, हवा कळेल.

पायरी ३: पॉलिसीत काय काय असतं

आता मुख्य. ऑनलाइन वेबसाइटवर गाडीचा नंबर, मॉडेल, तारखा टाकल्या की चार-पाच कोटेशन येतात. विकणारी वेबसाइट अमेरिकन असते पण मागे मेक्सिकन विमा कंपनी असते आणि पॉलिसी तिच्याच नावाने निघते. ती स्पॅनिशमध्ये असते, सोबत इंग्लिश भाषांतर देतात, पण भांडणाची वेळ आली तर स्पॅनिशच खरं धरतात. गंमत म्हणजे पॉलिसीला स्पॅनिशमध्ये पोलिसा म्हणतात. पहिल्यांदा तिथल्या हवालदाराने "पोलिसा, पोलिसा" म्हणून हात पुढे केला तेव्हा मला वाटलं हा आपली ओळख करून देतोय.

या पोलिसावर, म्हणजे पॉलिसीच्या कागदावर, जे शब्द दिसतील त्यातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे रेस्पॉन्साबिलिदाद सिविल, म्हणजे थर्ड पार्टी, समोरच्याचं नुकसान आणि दुखापत. इथं कंजूषी करायची नाही. कोणी दगावलं तर द्यायची भरपाई मोठी असते आणि प्रत्येक राज्यात वेगळी. स्वस्तातल्या पॉलिसीत ही रक्कम ५० हजार किंवा १ लाख डॉलर ठेवून कोटेशन कमी दाखवतात. ३ लाख किंवा ५ लाखांचा पर्याय निवडला तर दिवसाला थोडेच डॉलर वाढतात, ते वाढवा. एका वेळच्या टाकोच्या बिलाएवढा फरक असतो.

दुसरं, आसिस्तेन्सिया लेगाल, म्हणजे वकील आणि जामीन. काही ठिकाणी हे पॉलिसीतच असतं आणि काही ठिकाणी टिक करून घ्यावं लागतं, आणि लोक ती टिक काढून टाकतात कारण वाटतं आपण काय गुन्हेगार आहोत का. वर सांगितलंय तसं, तिथं अडकण्यासाठी गुन्हेगार असावं लागत नाही. ही टिक काढायची नाही, बाकी काहीही काढा.

तिसरं दान्योस मातेरियालेस, म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान, आणि चौथं रोबो तोताल, म्हणजे पूर्ण गाडीची चोरी. रोबो म्हणजे चोरी, यंत्रमानव नव्हे. आणि तोताल शब्दाकडे नीट बघा. पूर्ण गाडी गेली तरच. आरसे काढून नेले, चाकं काढली, काच फोडून आतली बॅग नेली, खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेला, यातलं बहुतेक साध्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी अर्धवट चोरी आणि तोडफोड असं वेगळं कव्हर असतं. आमच्या ग्रुपमधल्या एका दादाच्या गाडीचे दोन्ही आरसे रात्रीत गेले आणि तो दोन दिवस "माझं फुल कव्हरेज आहे" हेच म्हणत होता. बॅग, लॅपटॉप, कॅमेरा तर गाडीच्या पॉलिसीत सहसा येतच नाही, त्यामुळे गाडीत काही दिसेल असं ठेवू नका.

मग देदुसिब्ले, म्हणजे डिडक्टिबल, नुकसानीतला आपल्या खिशातून जाणारा पहिला भाग. हा दोन प्रकारचा असतो, ठरलेली रक्कम किंवा गाडीच्या किमतीच्या टक्क्यात. बऱ्याच पॉलिसींत अपघाताला २ टक्के आणि चोरीला ५ टक्के असतो, त्यालाही खाली किमान रक्कम असते, सहसा ५०० आणि १००० डॉलर. समजा गाडी २५ हजारांची, तर ठोकल्यावर पहिले ५०० तुमचे आणि चोरीला गेली तर १२५०. टक्के हे नुकसानीचे नाही, गाडीच्या किमतीचे, इथं सगळे गोंधळतात. नवी महागडी टेस्ला नेत असाल तर टक्केवाल्या पॉलिसीत बराच भुर्दंड पडतो, ठरलेल्या रकमेची बघा. आणि गाडीची किंमत टाकताना उगाच वाढवून टाकू नका, मिळताना बाजारभावानेच मिळते, जास्त टाकली म्हणजे फक्त प्रीमियम जास्त.

गास्तोस मेदिकोस म्हणजे गाडीतल्या माणसांचा दवाखाना. बऱ्याचदा माणशी ५ हजार डॉलर असतो. वाढवून मिळत असेल तर वाढवा, विशेषतः लहान मुलं आणि आईबाबा असतील तर.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी क्लेमच्या वेळी फार मोठी होते, दुरुस्ती कुठं करणार आणि मजुरीचा दर कुठला धरणार. स्वस्त पॉलिसी मेक्सिकोतल्या गॅरेजच्या दराने पैसे देते. गाडी सॅन डिएगोत दुरुस्त करायची तर इथली मजुरी दोन-तीन पट, वरचे पैसे खिशातून. अमेरिकेत दुरुस्ती करता येईल आणि इथला दर मिळेल, असं लिहिलेलं असेल तर ती पॉलिसी दहा डॉलरने महाग असली तरी घ्यावी.

पायरी ४: कोण चालवणार, कुठं चालवणार

पॉलिसी घेताना ड्रायव्हरची नावं विचारतात किंवा एक वयाची अट असते, बहुतेक ठिकाणी २१ च्या वर. दोघं नवराबायको आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांची नावं घाला. दिवसभर फिरून झाल्यावर "आता तू घे" म्हणून मित्राच्या कॉलेजातल्या भावाकडे चावी दिली आणि त्याचं नाव नाही, तर विषय संपला. मागे ट्रेलर किंवा सायकल-बाइकची गाडी ओढणार असाल तर तेही आधी सांगायचं.

विमा कंपनी कधी हात वर करते ते थोडक्यात: दारू पिऊन चालवलं, लायसन्स नसलेल्याने चालवलं, बीचवर किंवा रस्ता सोडून वाळूत घातली, पैसे घेऊन प्रवासी नेले. यातलं पहिलं मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण बाहाला जाणारे अर्धे लोक वाये दे ग्वादालुपेला वाइन प्यायला जातात, तिथं वायनरीच वायनरी, आणि एका वायनरीतून दुसरीकडे स्वतःच गाडी हाकत जातात. दोन ग्लास झाले की तुमच्या ५ लाखांच्या पॉलिसीचा भाव रद्दीचा. तिथं ड्रायव्हर करा नाहीतर एकाला दिवसभर लिंबूपाण्यावर ठेवा.

खड्ड्यात नुसता टायर फुटला, रिम वाकली, हे सहसा मिळत नाही. आणि खड्डे आहेत, आपल्याला सवय आहे म्हणून बरं. स्पीडब्रेकर तर तोपे म्हणून असतात, आपल्या गावाकडच्या सोसायटीसमोर हौसेने घातलेले असतात ना तसे, पट्टे नाहीत, बोर्ड नाही, एकदम खालून घासतो.

पायरी ५: दिवस आणि वेळ. इथंच बहुतेकांची चूक होते

पॉलिसी दिवसाच्या हिशोबाने मिळते आणि तिला सुरू व्हायची वेळ असते, तारीख नाही, वेळ. शनिवारी सकाळी ८ ची घेतली आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून ७:२० ला बॉर्डर ओलांडली तर चाळीस मिनिटं तुम्ही बिनविम्याचे.

पण जास्त गडबड येताना होते. सॅन यसिद्रो या बॉर्डरच्या गेटची परतीची लाइन रविवारी संध्याकाळी दोन-तीन तास सहज लागते, लॉन्ग वीकेंडला त्याहून जास्त, आणि त्या लाइनमध्ये तुम्ही मेक्सिकोतच असता. बंपरला बंपर, चुरोस विकणारे गाड्यांमधून फिरतायत, मागचा फोन बघतोय, हळूच ठोकायला याच्याहून चांगली जागा नाही. तुमची पॉलिसी रविवारी रात्री ८ ला संपते आणि तुम्ही ८ वाजता लाइनमध्ये मध्यभागी. म्हणून मी परत यायच्या अंदाजापेक्षा एक पूर्ण दिवस जास्तीचा घ्यायचो. वेबसाइट म्हणते गरज नाही, घ्यायचाच.

वर्षातून दोन-तीनदा जाणार असाल तर सहा महिन्यांची किंवा वर्षाची पॉलिसी बघा. दिवसाच्या हिशोबाने दोन आठवड्यांचे जेवढे होतात त्यात जवळपास वर्षाची बसते, विशेषतः फक्त बाहापुरती घेतली तर. मी आता तेच करतो, मग वेळेची भानगडच नाही.

आणि घरून निघायच्या आधी घ्या. आय-फाइव्हवर "लास्ट यूएसए एक्झिट" लिहिलेला कामिनो दे ला प्लाझाचा बोर्ड येतो, तिथं बाजूला लावून फोनवर घाईघाईत घेणारे मी बघितलेत. रेंज जाते, कार्ड डिक्लाइन होतं, मागून बायको ओरडते. आदल्या रात्री घ्या, तीन प्रती प्रिंट काढा. एक गाडीत, एक तुमच्याकडे, एक घरी जो मागे राहिलाय त्याच्याकडे. फोनमधल्या पीडीएफवर राहू नका. पहिल्या पानावर कंपनीचा मेक्सिकोतला फोन नंबर असतो तो पेनने गोल करून ठेवा आणि फोनचा प्लॅन मेक्सिकोत चालतो ना तेही बघा, नाहीतर नंबर असून उपयोग काय.

पायरी ६: रस्त्यावर

तिहुआना ते एन्सेनादा दोन रस्ते आहेत. कुओता म्हणजे टोलचा, समुद्राकडेने जातो, साधारण १०० किलोमीटर, तीन टोलनाके, आणि लिब्रे म्हणजे फुकटचा. पहिल्यांदा जाताना टोलचाच घ्या. पाट्या किलोमीटरमध्ये आहेत, मैलात नाहीत, ८० बघून ८० मैलाने सुटू नका. टोलची पावती खिशात जपून ठेवा, त्या टोलमध्येच रस्ता वापरणाऱ्यांचा एक विमा असतो आणि रस्त्यामुळे काही झालं तर पावती मागतात. एरवी मी पावत्या लगेच चुरगळून टाकणारा माणूस, पण तिथं नाही.

गाडी बंद पडली तर ०७८ वर फोन करा. आंखेलेस वेर्देस, म्हणजे हिरवे देवदूत, अशी सरकारी मदत सेवा आहे, हिरव्या गाड्या घेऊन मुख्य हायवेवर फिरतात. मदत फुकट, पेट्रोल आणि पार्टचे पैसे आपले. पोलिस आणि अँब्युलन्सला ९११, अमेरिकेसारखंच.

पायरी ७: ठोकली. आता?

आता माझं सांगतो. आम्ही दोन कुटुंबं एन्सेनादाहून परत येत होतो, ला बुफादोराला समुद्राचं उडणारं पाणी बघून, पुएर्तो नुएवोला बाकीच्यांनी लॉबस्टर आणि आम्ही शाकाहारी दोघांनी तांदूळ-राजमा खाऊन. तिहुआनात पासेओ दे लोस हेरोएस नावाचा मोठा रस्ता आहे, त्यावर पुतळ्यांचे गोल चौक आहेत, त्यातल्या क्वाउतेमोकच्या चौकात मी चुकीच्या लेनमध्ये होतो हे मान्य करतो, आणि उजवीकडून एक टॅक्सी आली आणि आमच्या मागच्या दाराला धाडकन लागली. कोणाला काही झालं नाही. दार आत गेलं, टॅक्सीचा हेडलाइट फुटला.

टॅक्सीवाला काका शांतपणे उतरला, हेडलाइट बघितला आणि बोटं चोळून पैशाची खूण केली. म्हणजे तोडपाणी. आणि खरं सांगतो, मलाही तेच करावंसं वाटलं. बॉर्डर दोन किलोमीटरवर, मुलं झोपलेली, शंभर-दोनशे डॉलर देऊन सुटावं. बायकोने मागून पॉलिसीचा कागद पुढे केला आणि म्हणाली, "आधी फोन लाव." तिनेच आदल्या रात्री नंबर गोल केला होता.

तर क्रम असा लक्षात ठेवा. लोकांना लागलंय का बघा, लागलं असेल तर आधी ९११. मग लगेच विमा कंपनीचा मेक्सिकोतला नंबर. गाडी पोलिसांनी किंवा कंपनीने सांगितल्याशिवाय हलवायची नाही, फोटो काढून ठेवायचे, समोरच्या गाडीचा नंबर, आसपासच्या दुकानाची पाटी, सगळं. स्पॅनिशमधल्या कागदावर समजल्याशिवाय सही नाही आणि "माझी चूक" असंही म्हणायचं नाही, ते ठरवायला माणूस येतो.

तो माणूस म्हणजे अहुस्तादोर. तिकडच्या विम्याचा हा खरा जीव आहे आणि अमेरिकेतून जाणाऱ्याला हे माहीतच नसतं. भारतात सर्व्हेअर दोन दिवसांनी गॅरेजवर येतो, अमेरिकेत तर हल्ली फोटो अपलोड करून होतं, तिथं मात्र कंपनीचा माणूस अपघाताच्या जागेवर येतो. फोनवरच्या बाईने इंग्लिशमध्ये विचारून घेतलं, कुठं आहात, पॉलिसी नंबर काय, कोणी जखमी आहे का, आणि एक रिपोर्ट नंबर दिला. तो लिहून घ्या, पुढे सगळं त्या नंबरावर चालतं.

पाऊण तासाने एक पोरगेलासा मुलगा छोट्या पांढऱ्या गाडीतून आला, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र बघून घ्या, कारण आपणच कंपनीचे म्हणत भलतेच लोकही येऊन उभे राहतात. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, टायरच्या खुणा बघितल्या, माझं लायसन्स आणि रजिस्ट्रेशनचे फोटो घेतले, मला एका कागदावर चौकाचं चित्र काढायला लावलं आणि बाण दाखवायला सांगितले. टॅक्सीलाही विमा होता, त्यांचाही अहुस्तादोर आला. मग ते दोघं बाजूला जाऊन बोनेटवर टेकून पंधरा मिनिटं हसत बोलत होते, बहुतेक रोजचेच ओळखीचे. आम्ही आणि टॅक्सीवाले काका दोन पोरांच्या आयांसारखे लांबून बघत उभे. शेवटी ठरलं की चूक माझी, टॅक्सीचं नुकसान माझी पॉलिसी देणार, त्यांना त्यांच्या गॅरेजचा कागद मिळाला आणि मला माझा. एक ट्रॅफिक पोलिस मध्ये डोकावला होता, अहुस्तादोर त्याच्याशी बोलला, तो निघून गेला. दीड तासात सगळं. एक डॉलर रोख द्यावा लागला नाही.

दोन पैसे देऊन सुटलो असतो तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी तो माणूस मानेचं दुखणं घेऊन पोलिसांकडे गेला असता तर पळून गेल्याचा ठपका माझ्यावर, आणि माझ्या दाराचे पैसे तर मिळालेच नसते, कारण सगळ्यात मोठा नियम हा आहे की क्लेम मेक्सिकोत असतानाच नोंदवायचा. एकदा बॉर्डर ओलांडलीत आणि मग फोन केलात तर बहुतेक कंपन्या ऐकूनच घेत नाहीत. लाइनमध्ये ठोकली तरी हेच. कितीही जिवावर आलं, तीन तासांनी नंबर लागायची वेळ आली असली, तरी गेटच्या अलीकडूनच फोन लावायचा आणि रिपोर्ट नंबर घ्यायचा, आणि ते थांबा म्हणाले तर थांबायचं.

कोणी जखमी असेल तर मामला वेगळा. पोलिस तुम्हाला सोबत नेऊ शकतात, गाडी कोरालोनमध्ये, म्हणजे जप्तीच्या यार्डात जाऊ शकते. अशा वेळी हुज्जत घालू नका, अहुस्तादोरला सांगा की वकील पाठवा, तीच ती लेगालची टिक. भारतीय पासपोर्ट असेल तर मेक्सिको सिटीतल्या भारतीय वकिलातीला कळवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी ८: परत आल्यावर

अहुस्तादोरने दिलेला कागद म्हणजे सोनं. तो, रिपोर्ट नंबर, पोलिसा, लायसन्स, रजिस्ट्रेशन, पासपोर्टची प्रत, आणि इथल्या गॅरेजचं एस्टिमेट, असं सगळं ज्या वेबसाइटवरून घेतलं त्यांच्या क्लेम विभागाला पाठवायचं. काही कंपन्या गाडी बघायला इथला माणूस पाठवतात किंवा बॉर्डरजवळच्या ठराविक गॅरेजला बोलावतात. तोपर्यंत दुरुस्ती करू नका, मी जवळजवळ करून टाकणार होतो कारण दार उघडताना करकर वाजायचं आणि शेजारचे बघायचे.

माझं एस्टिमेट १९०० डॉलरचं होतं. डिडक्टिबल ५०० वजा जाऊन १४०० मिळायला हवे होते, पण माझ्या पॉलिसीत मजुरी मेक्सिकोच्या दराने होती, त्यामुळे हातात ९५० आले आणि बाकीचे मी भरले. तेव्हापासून कोटेशन बघताना मी सगळ्यात आधी मजुरीची ओळ शोधतो, मग थर्ड पार्टीची रक्कम, मग वकील, आणि किंमत शेवटी.

दार नवीन बसवलंय, रंगाचा किंचित फरक आहे, उन्हात दिसतो.